उत्पन्नाची ओळ कुठे गेली?

देवनारचा माणूस ‘मी काप काढण्याचं काम करतो’ असं म्हणाला की ऐकणारा पुढचा प्रश्न विचारत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर 1971 पासूनचा आमचा कत्तलखाना उभा राहतो, बकरी ईदच्या आधीचा बकऱ्यांचा बाजार उभा राहतो, आणि विषय संपतो. माझं काम वेगळं आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि मी प्रोग्रॅमचे काप काढतो. इंग्रजीतून आलेला शब्द प्रोग्रॅम स्लायसिंग. मराठीत यावर कुणी काही लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही, आणि मुसलमानांच्या प्रश्नांवरच्या लेखांमध्ये हा विषय का घुसवतोय असं काही वाचकांना वाटेल. थोडं थांबा. त्याचा आमच्या मोहल्ल्याशी फार जवळचा संबंध आहे.

कल्पना सोपी आहे. हजारो ओळींचा प्रोग्रॅम आहे. शेवटी त्यानं एक आकडा छापला आणि तो आकडा चुकीचा किंवा विचित्र वाटतोय. हा आकडा असा का आला? सगळ्या ओळी वाचायची गरज नसते. त्या आकड्यावर ज्या ओळींचा परिणाम होऊ शकतो तेवढ्याच ठेवायच्या, बाकीच्या काढून टाकायच्या. जे उरतं तो काप. मार्क वायझर नावाच्या अमेरिकन संशोधकानं 1979 साली मिशिगन विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात ही कल्पना नीट मांडली. 1982 मध्ये त्यानं प्रयोग करून दाखवलं की अनुभवी प्रोग्रॅमर चूक शोधताना नकळत हेच करत असतात, डोक्यातल्या डोक्यात नको त्या ओळी गाळत मागे मागे जातात. पुढे तो झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत गेला, घरातल्या भिंती-वस्तूंमध्ये विरघळून गेलेल्या संगणकांची कल्पना मांडून जास्त प्रसिद्ध झाला आणि 1999 मध्ये, पन्नाशीही न गाठता, वारला. मला त्याचं आधीचं काम जास्त मोठं वाटतं. ‘हे कशामुळे झालं?’ या प्रश्नाला त्यानं पद्धत दिली.

उदाहरणाशिवाय हे कळायचं नाही. कर्जाच्या अर्जाला गुण देणारा एक छोटा प्रोग्रॅम घेऊ. खराखुरा नाही, पण खऱ्याच्या जवळचा.

1. उत्पन्न वाचा
2. चालू हप्ते वाचा
3. पिनकोड वाचा
4. शिल्लक = उत्पन्न − हप्ते
5. शुल्क = 500
6. गुण = शिल्लक ÷ 100
7. पिनकोड यादीत असेल तर
8. गुण = 0
9. शुल्क छापा
10. गुण छापा

आठवी ओळ सातवीच्या पोटातली आहे, म्हणजे सातवीतली अट खरी ठरली तरच ती चालते. आता दहाव्या ओळीवरच्या ‘गुण’ या आकड्याचा काप काढा. पाचवी आणि नववी ओळ गळून पडते, शुल्काचा गुणांशी संबंध नाही. बाकी सगळ्या राहतात: उत्पन्न, हप्ते, पिनकोड, शिल्लक, अट, शून्य. याला स्थिर काप म्हणतात. कुणाचाही अर्ज आला तरी कोणत्या ओळी कामाला येऊ शकतात, एवढंच तो सांगतो.

1988 मध्ये कोरेल आणि लास्की या दोघांनी दुसरा प्रकार मांडला. कुणाचाही अर्ज नको, हा एकच अर्ज घ्या. आज, या माणसाच्या बाबतीत, प्रत्यक्षात काय घडलं? हा चल काप. समजा माणसाचा पिनकोड यादीत आहे. त्याच्यासाठी दहाव्या ओळीवर आलेलं शून्य आठव्या ओळीतून आलं. आठवी चालली ती सातवीतल्या अटीमुळे. अट खरी ठरली ती तिसऱ्या ओळीत वाचलेल्या पिनकोडमुळे. संपलं. तीन, सात, आठ, दहा. पहिली ओळ त्यात नाही. त्याचं उत्पन्न संगणकानं वाचलं, त्यातून हप्ते वजा केले, भागाकार केला, गुणही काढले, आणि मग ते सगळं शून्यानं पुसलं. ओळी चालल्या, पण निकालात त्यांचा काडीचा वाटा नाही.

वायझरची एक अट होती की काप हा स्वतः चालणारा प्रोग्रॅम असला पाहिजे. तर या माणसासाठी चालवलेला खरा प्रोग्रॅम एवढाच: पिनकोड वाचा, यादीत बघा, शून्य द्या, छापा.

काही वर्षांपूर्वी ज्या कंपनीत मी होतो, तिथे कर्ज देणाऱ्या एका संस्थेच्या जुन्या सॉफ्टवेअरची देखभाल आमच्याकडे होती. नावं दोन्हींचीही सांगणार नाही. एक तक्रार आली. शाखेतल्या लोकांचं म्हणणं होतं की काही अर्जदारांची कागदपत्रं चोख आहेत, उत्पन्न दिसतंय, जुनं कर्ज थकलेलं नाही, तरी पडद्यावर ‘अपात्र’ येतं आणि कारणाचा रकाना रिकामा असतो. ग्राहक समोर बसलेला असतो, त्याला काय सांगायचं? शोधा. नावं काढून टाकलेले काही अर्ज मला नमुन्यासाठी मिळाले. नावं नव्हती, पण पिनकोड होते. त्यातले बरेच 400043 होते.

बाहेरच्यांसाठी सांगतो. देवनार हे एक गाव नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्था ज्या देवनारमध्ये आहे तिचा पिनकोड 400088. झाडं, व्याख्यानं, परिषदा. डम्पिंग ग्राऊंडला लागून असलेलं शिवाजीनगर, बैंगनवाडी हे 400043. याच पट्ट्यात नवीन टॉवर उभा राहिला की जाहिरातीत त्याचा पत्ता ‘चेंबूर’ होतो, हाही एक चमत्कारच. मी 400043 चा. त्यामुळे नमुन्यातले अर्ज बघताना पोटात काहीतरी हललं, हे खरं. पण तक्रारीचं उत्तर ‘मला वाटतं’ असं देता येत नाही, ओळ दाखवावी लागते.

इथे या शास्त्रातली एक गंमत सांगायलाच हवी, कारण तिच्यातच सगळा पेच आहे. जावासारख्या भाषेतल्या मोठ्या प्रोग्रॅमचा पूर्ण काप काढला तर तो इतका फुगतो की निम्मा प्रोग्रॅमच हातात येतो. वस्तूत वस्तू, त्यात दुसऱ्या वस्तूचा पत्ता, एकाच नावाच्या दहा पद्धती आणि त्यातली कोणती चालणार हे चालवल्याशिवाय कळत नाही. सगळं सगळ्याशी जोडलेलं दिसतं. म्हणून 2007 मध्ये श्रीधरन, फिंक आणि बोदिक यांनी ‘बारीक काप’ सुचवला: आकडा प्रत्यक्ष ज्या ओळींनी घडवला तेवढ्याच दाखवा, तिथे वाट वळवणाऱ्या अटी आधी दाखवू नका, प्रोग्रॅमरनं मागितल्या तरच उलगडा. चूक शोधायला ही फार उपयोगी गोष्ट आहे, मी रोज वापरतो. पण आमच्या छोट्या प्रोग्रॅमवर ती लावून बघा. गुण कुठून आले? ‘गुण = 0’ या ओळीतून. शून्य कुठून आलं? कुठूनच नाही, ते तिथेच लिहिलेलं आहे. पिनकोड गायब! कारण पिनकोड त्या शून्यात मिसळलेला नाही. त्यानं फक्त दार कोणतं उघडायचं ते ठरवलं.

शास्त्राच्या भाषेत पहिल्याला डेटाचं अवलंबित्व म्हणतात, दुसऱ्याला नियंत्रणाचं. माझ्या अनुभवात भेदभाव बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात राहतो. तुमच्या धर्माचा, जातीचा, वस्तीचा आकडा करून कुणी तो बेरजेत धरत नाही. फक्त एक दार असतं, आणि ते कुणासाठी उघडत नाही.

याच प्रश्नावर एक चांगलं काम आपल्या महाराष्ट्रात झालंय. पुण्यातलं टाटांचं संशोधन केंद्र, टीआरडीडीसी, आणि पवईची आयआयटी यांच्यातल्या श्रवण कुमार, अमिताभ सन्याल आणि उदय खेडकर यांनी 2015 मध्ये ‘व्हॅल्यू स्लाइस’ नावाची कल्पना मांडली. त्यांनी अटींचे दोन गट केले. काही अटी फक्त एवढंच ठरवतात की प्रोग्रॅम त्या ठिकाणी पोहोचणार की नाही. काही अटी ठरवतात की तिथे पोहोचलेला आकडा कोणता असेल. पहिल्यांचा तपशील सोडून द्या, दुसऱ्या ठेवा. त्यांचा हेतू वेगळा होता. अजस्र प्रोग्रॅममधला एखादा गुणधर्म यंत्राकडून तपासून घ्यायचा तर प्रोग्रॅम आधी लहान करावा लागतो, त्यासाठी हे काम. पण त्यांच्या हिशेबानं आमची सातवी ओळ कापात राहते, कारण गुण शून्य की दुसरं काही हे तीच ठरवते. पवईत बसून कुणी गोवंडीचा विचार केला असेल असं नाही. तरी वाचताना बरं वाटलं.

असो. प्रत्यक्षात मला हे सगळं इतक्या सरळ मिळालं नाही. आजचं सॉफ्टवेअर एका भाषेत नसतंच. अर्ज जावात, गुण देणारा भाग पायथॉनमध्ये, दोघांच्या मध्ये निरोपांची रांग, आणि नियम डेटाबेसच्या तक्त्यात. काप काढणारं हत्यार जावाच्या वेशीपर्यंत येतं आणि तिथे थांबतं. ‘इथे तक्त्यातून काहीतरी आलं’ एवढंच ते सांगू शकतं. काय आलं, तक्त्यात ते कुणी टाकलं, हे त्याच्या हद्दीबाहेर. आधुनिक भाषांसाठी काप काढण्याच्या पद्धतींवर इतकं संशोधन चालतं ते यामुळेच: प्रोग्रॅम आता एका ठिकाणी राहत नाही.

यावर 2014 मध्ये बिंकली, हार्मन वगैरे मंडळींनी एक साधा, जवळजवळ गावठी म्हणावा असा उपाय दिला. ऑर्ब्स त्याचं नाव. भाषा समजून घ्यायचा प्रयत्नच सोडा. एक ओळ खोडा, प्रोग्रॅम चालवा. निकाल तोच आला तर ती ओळ गरजेची नव्हती, खोडलेलीच राहू द्या. निकाल बदलला तर परत ठेवा. असं करत जा. भाषा कितीही असोत, फरक पडत नाही. मी चाचणीच्या सर्व्हरवर बनावट अर्ज घेऊन तेच केलं, फक्त ओळींऐवजी तक्त्यातल्या नोंदींवर. एक नोंद काढायची, अर्ज चालवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी एक नोंद काढली आणि अर्ज पात्र झाला. नोंदीत तीन रकाने होते. 400043. ‘निगेटिव्ह’. आणि एक जुनी तारीख. टाकणाऱ्याचं नाव नव्हतं.

आमच्या मोहल्ल्यातली माणसं हा प्रयोग सर्व्हरशिवाय पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. पोरगं नोकरीच्या अर्जावर मामाचा कुर्ल्याचा पत्ता टाकतं, मुलीच्या स्थळाला ‘चेंबूरला राहतो’ सांगितलं जातं. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं, निकाल बदलतो का बघायचं. पद्धत तीच.

माझ्या वरिष्ठांकडे गेलो. माणूस सज्जन, ईदला आमच्या घरी शिरखुर्मा खाऊन गेलेला. त्यांनी तक्ता बघितला आणि म्हणाले, “अरे, ही ग्राहकाची पॉलिसी आहे, बग नाही. वसुलीची माणसं तिथे जायला तयार नसतात म्हणून टाकली असेल. यात धर्म कुठे आहे ते दाखव बरं.”

दाखवता आला नसता. पूर्ण काप काढला तरी त्यात धर्म नावाची ओळ नव्हती. यादीसुद्धा फक्त मुसलमान वस्त्यांची नव्हती. तशी असती तर गोष्ट सोपी झाली असती. त्यात दलित वस्त्या होत्या, धारावीचा भाग होता, नव्या मुंबईच्या कडेची काही गावं होती. आपल्याकडे काही जण अशा वेळी बाकीच्या नोंदी लपवून फक्त आपलीच दाखवतात. मला ते पटत नाही, आणि उपयोगाचंही नाही. डम्पिंगला लागून राहणारा कांबळे आणि त्याच्या शेजारचा शेख एकाच सातव्या ओळीवर अडतात.

पण ‘धर्म कुठे आहे’ या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं ते कोडच्या बाहेर. काप प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीशी थांबतो: ‘पिनकोड वाचा’. तो पिनकोड त्या माणसाला कसा मिळाला, हे त्याच्या आधीचं. मागे जात राहा. 1927 पासून शहराचा कचरा देवनारला येतो. कचऱ्याच्या कडेला पालिकेनं सत्तरच्या दशकात शहरातून हटवलेल्या झोपडीवाल्यांना जागा दिल्या. आणीबाणीत, 1976 मध्ये, अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी उठवून लोकांना चिता कॅम्पला नेलं. 1992-93 च्या दंगलींनंतर मिश्र वस्त्यांमधली अनेक मुसलमान कुटुंबं ‘आपल्या माणसांत’ म्हणून गोवंडी, मुंब्रा अशा ठिकाणी सरकली. 2009 च्या मुंबई मानवी विकास अहवालात आमचा एम-पूर्व विभाग शहरातल्या सगळ्या विभागांत शेवटचा आला, निर्देशांक 0.05. या प्रत्येक पायरीवर कुणीतरी एक ‘जर’ लिहिलेला आहे. शेवटच्या पायरीवर उरतो सहा आकडी पिनकोड, आणि तो अगदी निष्पाप दिसतो.

ही शंका मी पहिल्यांदा काढतोय असंही नाही. सच्चर समितीनं 2006 च्या अहवालात नोंद केली होती की काही बँका ठरावीक भागांना ‘निगेटिव्ह’ भौगोलिक क्षेत्र ठरवतात आणि तिथे कर्ज वगैरे सोयी सहजी मिळत नाहीत. मी तो अहवाल कॉलेजात असताना वाचला होता. तेव्हा ते शब्द सरकारी भाषेतले वाटले होते. तोच शब्द तक्त्यातल्या एका रकान्यात, इंग्रजी मोठ्या अक्षरांत टंकलेला बघणं वेगळं.

वरिष्ठांशी वाद घातला नाही. काप छापून तक्रारीला जोडला आणि एक वाक्य लिहिलं: या अर्जांच्या निकालावर उत्पन्नाचा, हप्त्यांचा आणि कागदपत्रांचा परिणाम होत नाही. ग्राहक संस्थेच्या बैठकीत ते वाक्य मोठ्यानं वाचलं गेलं, असं नंतर कळलं. तिथे एक बाई होत्या, शाखा सांभाळणाऱ्या. त्या म्हणाल्या म्हणे, “मग आपण लोकांकडून तीन महिन्यांची बँकेची स्टेटमेंटं कशाला मागवतो?”

चार महिन्यांनी दोन बदल मंजूर झाले. एक, नकार देताना कारणाचा रकाना रिकामा राहणार नाही, ‘क्षेत्र धोरण’ असं छापलं जाईल. दुसरा बदल मला अपेक्षित नव्हता. सातवी ओळ सगळ्यात वर नेली. आधी पिनकोड टाका, यादीत असेल तर तिथेच थांबा, पुढची कागदपत्रं मागूच नका. सर्व्हरचा वेळ वाचला, शाखेचा वाचला. तसा अर्जदाराचाही वाचला. नोंद मात्र धोरण समितीकडे गेली आणि मी कंपनी सोडेपर्यंत तिथेच होती.

त्यानंतर ती संस्था गुण देण्यासाठी शिकवलेलं मॉडेल वापरू लागली. अशा मॉडेलचा काप काढायला बसलात तर हाती काही लागत नाही. प्रत्येक निकालामागे त्याच ओळी: गुणाकार करा, बेरीज करा, पुढच्या थराला द्या. कापात सगळंच येतं, म्हणजे काहीच कळत नाही. सातवी ओळ तिथे नाही. ती हजारो अपूर्णांकांत विखुरलेली असू शकते, कारण मॉडेल शिकलं ते जुन्या निकालांवरून, आणि जुन्या निकालांत आमचे शून्य होते. यावर एकच प्रयोग चालतो, तो म्हणजे मामाचा पत्ता टाकून बघण्याचा.

आमच्या गल्लीत जरीचं काम करणारे एक चाचा आहेत. कढाईच्या मशीनसाठी त्यांनी वेगळ्याच एका बँकेत दीड लाखाचा अर्ज केला होता, तो फेटाळला गेला. जुम्याच्या नमाजनंतर त्यांनी मला गाठलं, “बेटा, तू कंप्युटर में है, बता, मेरे कागज में क्या कम था?” त्या बँकेच्या यंत्रणेत डोकावणं माझ्या हातात नाही. पण रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे की कर्ज मागणाऱ्या माणसाला नकार द्यायचा तर त्याची मुख्य कारणं लेखी कळवावीत. हे मी त्यांना समजावलं. अर्जाचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवायला सांगितलं, कारण चल काप नेहमी एका ठरावीक अर्जाचा असतो, मोघम तक्रारीचा नाही. मग आम्ही दोघांनी बसून मराठीत अर्ज लिहिला: माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जाला नकार देण्याची मुख्य कारणं लेखी कळवावीत. चाचांनी उर्दूत सही केली, मी त्याखाली त्यांचं नाव देवनागरीत लिहिलं. पोचपावतीच्या दोन झेरॉक्स काढल्या, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

सहा आठवडे झाले. उत्तर आलेलं नाही. पुढच्या सोमवारी स्मरणपत्र देऊ.